तीन आठवड्यांत कोणीच ओरडलं नाही

इस्पितळाच्या चौकशी खिडकीत बसून मला सव्वीस वर्षं झाली. कुठला डॉक्टर कुठल्या मजल्यावर, कोण रजेवर, कोणाचं कोणाशी पटत नाही, सगळं तोंडपाठ आहे. लोक आत जाण्याआधी मला विचारतात आणि बाहेर आल्यावर मलाच सुनावतात. त्यामुळे माझा स्वभाव थोडा तिरसट झालाय असं बायको म्हणते. ‘थोडा’ हा शब्द माझा.

एवढं असूनही तळघरात बसणाऱ्या त्या बाईंबद्दल सहा वर्षांपूर्वीपर्यंत मला काडीची माहिती नव्हती. मग एका सकाळी, रांग पार दाराबाहेर गेलेली असताना, माझा कॉम्प्युटर बंद पडला. शेजारचाही पडला, औषधांच्या खिडकीतलाही पडला. लोक माझ्यावर तुटून पडले, जणू मीच वायर उपटली होती. वीस मिनिटांनी सगळं परत सुरू झालं. त्यानंतर पाचच मिनिटांत एक किरकोळ अंगाची, पन्नाशीकडे झुकलेली बाई जिना चढून वर आली आणि रांगेसमोर उभी राहून म्हणाली, "मघाशी बंद पडलं ते माझ्या हातून. चुकीच्या मशीनला बंद व्हायला सांगितलं मी. माफ करा." एवढं बोलून ती आली तशी खाली निघून गेली.

मी हबकलोच. या इमारतीत स्वतःची चूक सांगायला कोणी जिना चढल्याचं माझ्या पाहण्यात नव्हतं. ही काय वल्ली आहे ते बघायला मी जेवणाच्या सुट्टीत खाली गेलो, आणि तेव्हापासून जातोच आहे.

खाली काचेची भिंत आहे. काचेपलीकडे कपाटाएवढ्या चौकटीत लोखंडी मशीनं घोंगावत असतात, अलीकडे तिचं टेबल. टेबलावर काळा पडदा, त्यावर पांढरी अक्षरं, आणि माऊस कुठेच नाही. सगळं काम ती टाइप करून सांगते. दिवसभर तो टकटक आवाज चालू असतो, म्हणून सगळे तिला टकटकताई म्हणतात. तोंडावरही म्हणतात, आणि ती ओ देते.

"ही मशीनं किती?" मी पहिल्या दिवशी विचारलं.

"दिसतात ती चार. आहेत एकशे बारा."

"ताई, मी चौकशीला बसतो. लोकांना गंडवायचं काम माझं आहे, तुमचं नाही."

ती हसली. मग तिने समजावलं. या चार लोखंडी मशीनांना होस्ट म्हणायचं. एकेका होस्टच्या पोटात पंचवीस-तीस कॉम्प्युटर राहतात, पण ते लोखंडाचे नाहीत, नुसत्या प्रोग्रामचे बनलेले. माझ्या खिडकीचं काम करणारा एक, औषधवाल्यांचा एक, एक्स-रेचा एक. प्रत्येकाला वाटतं की ही मेमरी माझी, ही डिस्क माझी.

"म्हणजे घरमालक आणि भाडेकरू," मी म्हटलं.

"हो, फक्त भाडेकरूला वाटतं की बंगला त्याचाच आहे."

पुढे एकदा तिने खालून फोन केला. "आत्ता काही जाणवलं?" मी म्हटलं, काय जाणवायचंय? "तुमचं बिऱ्हाड एका होस्टवरून दुसऱ्यावर हलवलं." त्या क्षणी मी एका पेशंटचं आडनाव टाइप करत होतो. अर्धं आडनाव जुन्या घरात आणि अर्धं नव्या घरात झालं, आणि मला पत्ता नाही! त्या दिवशी दुपारभर मी ही गोष्ट ज्याला त्याला सांगत सुटलो. कोणालाही त्यात काही विशेष वाटलं नाही. लोकांचं कुतूहल मेलेलं असतं, दुसरं काय.

होस्टना तिने नावं दिली होती. तीन नवे होते ते थोरली, मधली आणि धाकटी. चौथा जुना, घरघरणारा, तो आजोबा. पडद्यावर प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला हे नाव येतं, म्हणजे आपण कोणाशी बोलतोय ते कळतं. त्या वीस मिनिटांच्या गोंधळात तिने ते नाव न वाचताच आजोबांसाठीची ओळ थोरलीला सांगितली होती. तेव्हापासून तिची एक पद्धत झाली. ओळ टाइप झाली की दोन्ही हात उचलून मांडीवर ठेवायचे, ओळ सुरुवातीच्या नावापासून हळू आवाजात वाचायची, आणि मगच एंटर. तिच्या वडिलांचा टायपिंगचा क्लास होता. बघायचं कागदाकडे, बोटांकडे नाही, हे तिला सातव्या वर्षीच येत होतं. ती इथे लागली तीही रेकॉर्ड विभागात टायपिस्ट म्हणून. कागद गेले, कॉम्प्युटर आले, बाकीच्या टायपिस्ट बदली मागून निघून गेल्या. ही जाडजूड पुस्तकं घेऊन तळघरात उतरली. का, असं मी विचारलं तर म्हणाली, "आत काय चाललंय ते बघायचं होतं."

तिचे साहेब वरच्या मजल्यावर बसतात. त्यांच्या पडद्यावर रंगीत चित्रं असतात, चित्रावर टिचकी मारली की काम होतं. ते खाली आले की तिच्या वाचण्याची टिंगल करतात, "कविता म्हणून झाली का?" तिचं म्हणणं असं, की टिचकी मारली की काय सांगितलं ते मागे राहत नाही. लिहिलेली ओळ राहते. उद्या कोणी विचारलं तर दाखवता येते.

यंदा आजोबांना निवृत्त करायचं ठरलं. त्यांच्या पोटातली बिऱ्हाडं एकेक करून तिने तिघींकडे हलवली. एक मात्र हलेना. त्याचं नाव होतं टेम्प-३. टेम्प म्हणजे तात्पुरतं. तात्पुरतं म्हणून कोणीतरी उभं केलेलं हे मशीन अकरा वर्षं चालू होतं. ते कोणाचं, कशासाठी, कुठेही नोंद नव्हती. पासवर्ड कोणाला माहीत नव्हता. ज्याने बनवलं असावं तो तंत्रज्ञ केव्हाच नोकरी सोडून परदेशी गेला होता.

अशा बेवारशी मशीनसाठी या धंद्यात एक रीत आहे. मशीन थांबवून ठेवायचं आणि कोण बोंब मारतं ते बघायचं. ज्याचं असेल तो ओरडत येतो. कोणीच आलं नाही, तर ते कोणाच्याच कामाचं नाही. मला ही रीत ऐकून फार गंमत वाटली. आमच्या घरी जिन्यातल्या चपलांचा मालक शोधायला मी हेच करतो. ताईने एका शुक्रवारी ओळ लिहिली, हात मांडीवर ठेवले, वाचली, आणि टेम्प-३ थांबवलं. मी शेजारीच बसलो होतो.

पहिला आठवडा गेला, दुसरा गेला, तिसराही संपत आला. हूं नाही की चूं नाही. उद्या, म्हणजे शुक्रवारी दुपारी, आजोबांना न्यायला माणसं येणार होती. डिस्कचा तर चुराच करतात, म्हणजे पेशंटची माहिती बाहेर जात नाही. एकदा चुरा झाला की टेम्प-३ जे काही होतं ते कायमचं गेलं. साहेबांनी कागद पाठवला होता: ‘सदर मशीन कोणाच्याही वापरात नाही.’ खाली ताईने सही करायची.

गुरुवारी मी खाली गेलो तेव्हा कागद तिच्यासमोर होता आणि सही नव्हती.

"करून टाका की," मी म्हटलं. "तीन आठवडे कोणी ओरडलं नाही."

"मला एक सांगा. हे कोणाचंच नाही, तर अकरा वर्षं दर सोमवारी सकाळी सव्वासातला काय करत होतं?"

तिने पडद्यावर आकडे दाखवले. आत शिरता आलं नाही तरी भाडेकरू किती वीज वापरतो ते घरमालकाला बाहेरून दिसतंच. आठवडाभर टेम्प-३ गपगार पडलेलं असे आणि सोमवारी सव्वासातला चार मिनिटं कामाला लागे. पुन्हा सोमवारपर्यंत शांत. अकरा वर्षांत एकही सोमवार चुकलेला नव्हता.

"एवढा नेमाने कामावर येणारा या इस्पितळात मी तरी दुसरा पाहिला नाही," मी म्हटलं. मलाही आता चैन पडेना.

तिने आणखी एक ओळ लिहिली, वाचली, एंटर दाबलं. मग डोळे बारीक केले. "म्हणून हलत नव्हतं. याला आजोबांच्या पाठीवरची एक खरी वायर जोडून दिलीय."

आम्ही काचेपलीकडे गेलो. तिथे थंडी आणि आवाज दोन्ही अंगावर येतात. आजोबांच्या मागे वायरींचा गुंता होता, त्यात एक राखाडी, जाड, जुन्या धर्तीची वायर. ताईने ती बोटांत धरली आणि सोडली नाही. वायर भिंतीकडे गेली. भिंतीवरून चढून ती छतातल्या भोकात शिरली.

"वर काय आहे?" तिने विचारलं.

हे मात्र माझं क्षेत्र. "टपालाची खोली."

टपालाच्या खोलीत पाकीटमामा बसतात. माझ्याहून जुना माणूस. इस्पितळातून बाहेर जाणारं प्रत्येक पत्र त्यांच्या हातून जातं, आणि त्यांच्या मते कॉम्प्युटर हे एक खूळ आहे, ओसरेल. आम्ही त्यांचं कपाट सरकवायला लागलो तेव्हा ते चिडले. कपाटामागून राखाडी वायर वर आली आणि कोपऱ्यातल्या एका पिवळट पडलेल्या प्रिंटरमध्ये शिरली. प्रिंटरवर मामांचा डबा होता.

"मामा, हा चालू असतो का?" ताईने विचारलं.

"हा? सोमवारी मी आलो की ट्रेमध्ये दोन-तीन पत्रं असतात. पाकिटात घालतो, धाडतो."

"कोण पाठवतं ती?"

"मी कशाला विचारू? टपाल आलं की धाडायचं."

"आणि गेले तीन सोमवार?"

"नाही आली. बरंच झालं, तेवढंच काम कमी." मग आमचे चेहरे बघून ते म्हणाले, "का? ओरडायला हवं होतं का मी?"

मामांनी डबा उचलून प्रिंटरचं झाकण उघडलं. आत एक अडकून चुरगळलेलं जुनं पत्र होतं. तिने ते हाताने सरळ केलं आणि दोघांनी वाचलं. आपल्या छातीत बसवलेल्या यंत्राची बॅटरी तपासण्याची तारीख जवळ आली आहे, हे पत्र घेऊन हृदयविभागात यावे.

हृदयविभागाला मीच फोन लावला. नव्या पेशंटना आता मोबाईलवर निरोप जातो, असं तिथल्या सिस्टर म्हणाल्या. जुने शंभर-एक आहेत, त्यांना अजून पत्रच जातं; बॅटरी उतरली की चक्कर यायला लागते, म्हणून ते वेळेवर जायला हवं. कोण पाठवतं? "तुमच्या चौकशी विभागातूनच जातं ना?" चौकशी विभाग म्हणजे मी. मला वाटत होतं की सिस्टर पाठवतात.

ताई मामांच्या स्टुलावर बसली. तिचा रंग उतरला होता. "काहीतरी हरवलंय हे कळलं तर माणूस ओरडेल," ती म्हणाली. "न आलेल्या पत्रासाठी कोण ओरडणार? मी इतकी वर्षं ही रीत पाळतेय आणि हे माझ्या डोक्यात आलं नाही."

रडत बसायला तिला वेळ नव्हता आणि तिचा तो स्वभावही नाही. खाली येऊन तिने आधी टेम्प-३ ची आहे तशी एक प्रत थोरलीवर करून ठेवली, म्हणजे काही बिघडलं तरी मूळ हातात राहील. मग मला वर टपालाच्या खोलीत प्रिंटरपाशी उभं केलं आणि फोन चालू ठेवायला सांगितलं. थांबवलेल्या मशीनला मधला वेळ गेल्याचं कळत नाही. त्याच्या लेखी अजून तोच शुक्रवार चालू होता. नुसतं जागं करून घड्याळ आजचं लावलं असतं, तर ते मधले तीन सोमवार ओलांडून पुढे गेलं असतं. म्हणून ती त्याला एकेक सोमवार स्वतंत्र दाखवणार होती.

फोनवर तिचा वाचण्याचा आवाज आला. "आजोबा. टेम्प-३. पहिला सोमवार, सात चौदा." मग एंटर. मी श्वास रोखून त्या पिवळट प्रिंटरकडे बघत राहिलो. मिनिटभराने तो खडबडून जागा झाला, करकरला, आणि एक पत्र बाहेर आलं. मला खरं सांगायचं तर टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या.

मग दुसरं आलं. मी नाव वाचलं आणि हातातला फोन कानापासून खाली आला.

या आजी माझ्या खिडकीवर आल्या होत्या. एकदा नाही, दोनदा. गेल्या आठवड्यात, आणि या सोमवारी पुन्हा. "दरवर्षी या दिवसांत पत्र येतं, यंदा आलं नाही," असं त्या म्हणाल्या होत्या. मी यादीत बघितलं नाही की कोणाला फोन केला नाही. "आजी, येईल. पत्र आलं की या, पत्राशिवाय आत घेत नाहीत." त्या थांबल्या आणि त्यांनी विचारलं होतं, "पत्र लिहिणारे बरे आहेत ना हो? आजारी तर नाहीत?" मी म्हटलं, "ठणठणीत आहेत, तुम्ही तुमची काळजी करा." रांगेतले लोक हसले होते. दुपारी डबा खाताना मी हा किस्सा मामांना रंगवून सांगितला होता.

बोंब मारली गेली होती. खाली तळघरात नाही, माझ्या खिडकीत. मी खाली जाऊन हे ताईला सांगितलं.

ती माझ्यावर चिडली नाही. चिडली असती तर बरं झालं असतं. "पत्त्याला फोन नंबर आहे?" तिने एवढंच विचारलं. नव्हता.

बाकीचे दोन सोमवार तिने भराभर, तरीही प्रत्येक ओळ वाचूनच, चालवले. एकूण सहा पत्रं निघाली. पाच जणांना सिस्टरने फोन लावून दुसऱ्या दिवशी बोलावलं. साहेब कागदावरची सही मागायला खाली आले, तेव्हा ताई म्हणाली, "आजोबा उद्या जाणार नाहीत. हे शंभर लोक नीट दुसरीकडे बसेपर्यंत जाणार नाहीत. लेखी हवं असेल तर देते." साहेबांनी कवितेचा विषय काढला नाही. सहावं पत्र घेऊन आम्ही दोघं टॅक्सीत बसलो.

तिसरा मजला होता, लिफ्ट नव्हती. आजींनी दार उघडलं. माझ्या हातातला कागद त्यांनी लांबूनच ओळखला.

"आलं का!" त्यांचा चेहरा असा खुलला की मी खाली बघितलं. त्यांनी चष्मा लावून पत्र पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं, नीट घडी घातली. दाराशी एक पिशवी भरून ठेवलेली होती. कपडे, औषधं, जुन्या तपासण्यांची फाईल. पत्र आलं की निघायचं, म्हणून पंधरा दिवस ती तिथेच होती.

जिना उतरायला बराच वेळ लागला. प्रत्येक वळणावर त्या भिंतीला हात लावून थांबत होत्या. टॅक्सीत त्यांनी ताईला विचारलं, "तुम्ही कोण?"

"त्या पत्रांचं काम माझ्याकडे आहे."

"अगंबाई, तुम्ही होय! मग बऱ्या आहात ना? मला आपली काळजी लागून राहिली होती."

ताईने मान हलवली. तिचे डोळे भरले होते. "मी बरी आहे. तुमचं पत्र माझ्यामुळे थांबलं, आजी. चूक माझी." मग तिने मला जे विचारायचं धाडस होत नव्हतं ते विचारलं. "चक्कर येते का?"

"येते की. दहा-बारा दिवस झाले. परवा स्वयंपाकघरात पडलेच होते." त्यांनी माझ्याकडे बोट केलं. आवाजात तक्रारीचा सूर नावालाही नव्हता, उलट माझं कौतुकच होतं. "पण यांनी नीट समजावून सांगितलं होतं ना, पत्र आल्याशिवाय यायचं नाही म्हणून."